कमी देखभालीची फुलं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

लेकीचा फोन. पंधराला, रविवारी, ती आणि जावई येणार. मी इथे एकट्याने राहायचं की त्यांच्याकडे जायचं, याचा त्या दिवशी निकाल. कारण काय, तर गेल्या महिन्यात दुधाचं पातेलं जळलं. पातेली जळतातच. शेजाऱ्यांनी त्यासाठी दार तोडायला नको होतं.

बत्तीस वर्षं फॅक्टरीचं स्टोअर सांभाळलं, एक नटबोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. आता एक जीव सांभाळून दाखवतो. मांजर नको, पळून जातं. टेरारियम करणार. काचेच्या भांड्यात बाग, तीही फुलांची. लेकीला बोलायला जागाच राहणार नाही.

३ फेब्रुवारी.

नर्सरीवाल्या बाईंशी चर्चा. मी बंद बरणी मागितली. त्या म्हणाल्या, बंद बरणीत दमट होतं, पाकळ्या कुजतात, फुलांसाठी उघड्या तोंडाचं भांडं घ्या. मग मी अँथुरियम पसंत केलं. म्हणाल्या, वर्षात भांड्याबाहेर येईल. ऑर्किड? नखरेल. शेवटी बुटकी आफ्रिकन व्हायोलेट आणि छोटा बिगोनिया.

देखभाल किती, विचारलं. जितकी कमी तितकी बरी, म्हणाल्या. आठवड्यातून एकदा माती बोटाने बघायची, कोरडी लागली तरच दोन चमचे पाणी. भांड्याला खाली भोक नाही, जास्त झालेलं पाणी जाणार कुठे?

बत्तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.

तळाला खडे, त्यावर कोळसा, त्यावर माती. झाडं लावली. व्हायोलेटला तीन जांभळी फुलं, बिगोनियाला गुलाबी घोस. दोन चमचे पाणी. आता पुढच्या बुधवारपर्यंत हात लावणार नाही.

संध्याकाळी ६.

लावण्याच्या गडबडीत पाणी घालायचं राहूनच गेलं होतं. घातलं. वेळेवर आठवलं म्हणून बरं.

६ फेब्रुवारी.

लेकीचा फोन. गॅस बंद केलात का, गोळी घेतलीत का. म्हटलं, हो. फोन ठेवून गॅस बघून आलो. चालू होता, पण मंद.

तिच्या बोलण्यात ‘तुमची खोली’ असं आलं. कोणती खोली, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

झाडांना पाणी घातलं. लावल्यापासूनचं हे पहिलंच.

९ फेब्रुवारी.

खड्यांमध्ये पाणी दिसतंय. दव असावं. व्हायोलेटची पानं मलूल. म्हणजे तहान. घातलं.

११ फेब्रुवारी, बुधवार.

आज ठरलेला दिवस, म्हणून पाणी. शिस्त म्हणजे शिस्त. दुपारी व्हायोलेट बुडाशीच गळाली.

ती घेऊन नर्सरीत. बाईंनी मूळ चिमटीत दाबलं तर पाणी ठिबकलं. घरात आणखी कोण पाणी घालतं, त्यांनी विचारलं. म्हटलं, मी एकटाच असतो. त्यांनी मूळ कागदावर ठेवलं, हात पुसले. मग विचारलं, घरच्या कोणाचा नंबर आहे का. लेकीचा दिला. गिऱ्हाइकांचं रेकॉर्ड ठेवत असतील. चांगली पद्धत आहे.

दुसरी व्हायोलेट आणली. ही पहिल्यापेक्षा टवटवीत आहे. प्रगती आहे.

१४ फेब्रुवारी.

सकाळपासून गॅस चारदा बघितला. भांडं पुसलं. पाच फुलं आहेत. उद्या माझी बाजू तीच मांडतील.

१५ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

आले. लेकीने आधी भांडंच बघितलं. तिचा चेहरा खुलला. आईला फार आवडलं असतं, म्हणाली. मला वाटलं, जिंकलो.

बोलता बोलता उठून पाणी घातलं, देखभाल दिसावी म्हणून. नंतर चहा. चहा घेताना लेकीने एकदम माझा हात धरला, पाण्याच्या चमच्यासकट. म्हणाली, बाबा, हे तिसऱ्यांदा. मी म्हटलं, पहिल्यांदा. जावयांकडे बघितलं. ते कपात बघत राहिले. सज्जन माणूस.

लेक बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभी होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मग मीच म्हटलं, काही दिवस तुझ्याकडे येतो. तिला सोबत हवी आहे, हे दिसतच होतं.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ३.

लेकीच्या घरी. टेरारियम तिने उंच कपाटावर ठेवलंय. उजेड तिथेच चांगला येत असावा. आज खालून बघितलं तर व्हायोलेटला नवी कळी. महिनाभर त्याला कोणी हात लावला नाही, असं लेक म्हणते. असेल. पण पाया माझा.

दोघंही ऑफिसात. ग्लास घेऊन घडीच्या शिडीवर चढलो. आता उतरता येत नाही, खालची पायरी पायाला सापडत नाही. वही खिशात होती. वरच्या पायरीवर बसून लिहितोय. लेक सहाला येते.

ग्लास रिकामा आहे. म्हणजे पाणी घातलं. किंवा भरून घ्यायचंच राहिलं. माती बोटाने बघितली की कळेल. भांडं हाताशीच आहे.

बघत नाही. लेक येऊ दे.