पाव्हण्यांचा हॉटस्पॉट

२२ मे, शुक्रवार. मुक्काम पोस्ट राहू.

धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीला आलो. अधिक महिन्यात जावयाला मान असतो. तसा मला बाराही महिने असतो, पण या महिन्यात तो ताटात दिसतो. पुरणाचे धोंडे, वर तूप, त्यावर परत तूप. सात खाल्ले. आग्रहच तसा होता. निदान पहिल्या चारांना तरी होता.

आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नवा स्मार्ट टीव्ही घेतलाय. केवढा मोठा! कारणही तसंच आहे. मेहुणा सत्यजीत पैलवान आहे, त्याची एकतीस तारखेला सांगलीकडं मोठ्या मैदानात कुस्ती आहे. यूट्यूबवर लाईव्ह दाखवणार. आबा उसाच्या बांधावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये. पोराची एवढी मोठी कुस्ती पहिल्यांदाच, आणि बाप घरी. म्हणून टीव्ही. घरात वायफाय नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून टीव्हीला जोडायचा, संपला विषय.

आबा म्हणाले, धनू लावील की. धनू म्हणजे धनश्री, धाकटी मेहुणी, बी.एस्सी.ला आहे. मी हसलो. म्हटलं, आबा, मी रांजणगावला कंपनीत आहे, टेक्निकल लाईन. (स्टोअरला आहे. पण स्टोअरमध्ये मालही टेक्निकलच असतो.) जावई घरात असताना पोरीबाळींना कशाला त्रास? सासूबाईंनी धनश्रीकडं डोळे वटारून पाहिलं. पोरगी गप्प बसली. संस्कार आहेत घरात.

उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम. मग मी आणि बायको, अनिता, शिरूरला परत.

२३ मे, शनिवार.

हॉटस्पॉटला नाव दिलं, मच्छिंद्र सर. इंग्रजीत. पासवर्ड एकदम कडक ठेवला. तो रिमोटने एकेक अक्षर टाकता टाकता अंगठ्याला घट्टा पडायची वेळ आली. शेवटी टीव्हीवर आलं, कनेक्टेड, नो इंटरनेट.

म्हणजे कनेक्ट तर झालं! मुख्य काम फत्ते. इंटरनेटचं तेवढं किरकोळ राहिलं. धनश्री म्हणाली, दाजी, तुमच्या फोनला इथं रेंज आहे का बघा. तिला समजावलं की रेंजचा आणि हॉटस्पॉटचा संबंध सामान्य माणसाला वाटतो तितका सरळ नसतो.

कंपनीत फोन करून रजा वाढवली. कारण दिलं, सासऱ्यांचा पाय. खोटं काय त्यात? पाय मोडलाच आहे.

दुपारी परत धोंडे. जेवून दोनला आडवा झालो तो पाचला उठलो. सासुरवाडीच्या पुरणात काहीतरी गुंगी असते.

२४ मे, रविवार.

मोठा शोध. संध्याकाळी टीव्हीच्या पाठीला हात लावला तर गरम! दुपारभर बंद होता. मी स्वतः बंद करून झोपलो होतो. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. आबांना सांगितलं. आबा खोकले.

दुसरं. टीव्हीच्या यादीत माझ्या नावाखाली आणखी एक नाव दिसतंय, ‘धनू’. पुढं लिहिलंय, सेव्ह्ड. शेजारी कोणीतरी धनाजी असणार. परक्याच्या वायफायवर डल्ला मारणं माझ्या तत्त्वात बसत नाही. नाव डिलीट करून टाकलं.

चहाच्या वेळी सासूबाई अनिताला सांगत होत्या की त्या मालिकेतल्या सुनेनं आज सासूच्या समोर किल्ल्या आपटल्या. मी विचारलं, कुठं बघितलं? सगळ्यांनी कपात तोंड घातलं. मग सासूबाईंचे चुलतभाऊ ज्ञानूमामा बसले होते ते म्हणाले, माझ्या फोनवर दावलं मी. मामांचा फोन बटणांचा आहे. तंत्रज्ञान कुठल्या कुठं गेलं!

आज पुरणपोळी होती. धोंडे नव्हते. चालायचंच.

२६ मे, मंगळवार.

दोष माझा नाही हे आज सिद्ध झालं. दोष घराचा. भिंती जाड, माझ्या फोनला हॉलमध्ये रेंज एक काडी, तीही कधी आहे कधी नाही. स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ मात्र फुल्ल. पण फोन टाकीवर ठेवला की हॉटस्पॉट खाली हॉलपर्यंत पोचत नाही.

मग डोकं चालवलं. रेंज टीव्हीकडं येत नसेल तर टीव्ही रेंजकडं न्यायचा. ज्ञानूमामांना एका बाजूला धरायला लावून टीव्ही आधी पडवीत नेला. नाही. मग अंगणात. नाही. मग गोठ्यात. गोठ्यात दोन काड्या आल्या! म्हैस स्क्रीनकडं बघत होती, तिला स्वतःचं तोंड दिसत असावं. तेवढ्यात सासूबाई आल्या. म्हणाल्या, जावईबापू, रविवारी समदी भावकी कुस्ती बघाया येणार, त्यास्नी काय दावणीला बसवू? बायकांना टेक्नॉलॉजीत पावित्र्याचं फार. टीव्ही परत हॉलमध्ये.

ज्ञानूमामा कंबर चोळत म्हणाले, जावई म्हंजी दहावा ग्रह. एवढं मोठं मी स्वतःला समजत नाही, पण मामांचा अनुभव दांडगा आहे. लिहून ठेवतो.

जेवणात शिरा.

२८ मे, गुरुवार.

‘धनू’ परत आलाय. मी डिलीट केलेला. पुढं परत सेव्ह्ड. म्हणजे व्हायरस. धनश्रीला समोर बसवून व्हायरस कसा घुसतो, मालकाच्या नकळत घरात कसा राहतो, हे तासभर समजावलं. ओढणीचं टोक तोंडात धरून ऐकत होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शिकण्याची तळमळ म्हणतात ती ही.

आज पिठलं-भाकरी. पहिल्यांदा मनाला लागलं. मग लक्षात आलं, पाव्हण्याला पुरण घालतात, घरच्याला पिठलं. मला घरचं मानायला लागले.

अनिता मागं लागली आहे, चला आता, पुरण वाटून वाटून आईचे हात भरून आलेत. म्हटलं, मी मिक्सरला कधी नाही म्हणालोय? तिनं कपाळावर हात मारला. मी ठाम आहे. हातातलं काम अर्धं टाकून जाणारा हा मच्छिंद्र नव्हे.

संध्याकाळी आबा एकटेच बाजेवर होते. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, पाव्हणं, रईवारी दिसंल न्हवं? त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, पोरगं सात वर्षांचं होतं तवापास्नं मी तालमीत सोडाया जायचो. एकबी कुस्ती चुकवली न्हाई. मी त्यांना शब्द दिला. म्हटलं, आबा, बिनघोर राहा.

शब्द दिल्यापासून तीनदा स्लॅबवर जाऊन रेंज बघून आलो. पाय मोकळे करायला.

३० मे, शनिवार.

उद्याची रंगीत तालीम घेतली. यूट्यूब उघडलं! मधोमध गोल फिरायला लागला. आम्ही सगळे त्या गोलाकडं बघत बसलो. बराच वेळ फिरला. ज्ञानूमामा म्हणाले, लई झ्याक फिरतंय. मग बंद पडलं. तरी प्रगती आहे. काल गोलसुद्धा नव्हता.

धनश्री काहीतरी बोलायला आली होती. दाजी, मी एकदा, एवढंच म्हणाली आणि सासूबाईंनी तिला भांडी घासायला पाठवलं. चांगलंय. ऐन वेळी अनुभव नसलेल्या माणसानं हात घालू नये.

दुपारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती. आबा, सासूबाई, अनिता, धनश्री. मी दिसताच थांबली. कानावर एवढंच पडलं की उद्या जेवून त्यांनी झोपलं पायजे. माझ्या तब्येतीची केवढी काळजी!

३१ मे, रविवार. दुपारी.

आज अचानक परत धोंडे! तुपाची धार थांबेना. सासूबाई स्वतः वाढत होत्या, अजून एक घ्या, माझ्या गळ्याची आण. नऊ झाले. मग आतल्या खोलीत अंथरूण, नवी चादर, पंखा माझ्याकडं तोंड करून, खिडकीला चादर लावून अंधार. मी म्हटलं, आज झोप नाही. आज ड्युटी. अनिता म्हणाली, घटकाभर पडा. धनश्री म्हणाली, दाजी, मी उठवते की. सासूबाईंनी तर डोक्याला लावायला तेल आणलं. मी डोळे धुऊन टीव्हीपुढं खुर्ची टाकून बसलो. घर सगळं काळजीत पडलं.

३१ मे. रात्री आठ. (खांदा दुखतोय, अक्षर वाकडं येईल.)

सगळं नीट लिहितो, कारण असा दिवस रोज येत नाही.

चार वाजल्यापासून भावकी जमली. हॉल भरला. साडेचार झाले, टीव्हीवर नो इंटरनेट. मी बंद केला, चालू केला. रिमोटचे सेल काढून फुंकले. आबा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून काळ्या स्क्रीनकडं बघत होते. त्यांच्याकडं बघवेना. मला दरदरून घाम आला. म्हटलं, सर्व्हर डाऊन असावा. कुठला सर्व्हर, हे नशिबानं कोणी विचारलं नाही.

मग ज्ञानूमामा आबांच्या कानाशी लागले. आबांनी मान हलवली, नको नको. मामा परत लागले. शेवटी मामाच मोठ्यानं म्हणाले, पाव्हणं, रेंज टाकीपशी हाय म्हंता न्हवं? मग फोन घिऊन तुमी वर बसा. तिथं जाणकार माणूसच पायजे. आमच्यासारख्याचं काम न्हाई ते.

मी म्हटलं, पण तिथून हॉटस्पॉट खाली पोचत नाही. मामा म्हणाले, हात उंच धरला की पोचंल.

मला हे आधी का सुचलं नाही?

स्लॅबवर गेलो. मे महिन्याचं ऊन, स्लॅब तव्यासारखा. टाकीला टेकून फोन वर धरला. आणि काय सांगू! पाचव्या मिनिटाला खालून गलका, लागलं रं लागलं! मी वरून ओरडलो, दिसतंय का? मामा खालून ओरडले, आरशावानी दिसतंय, हलू नगा!

हललो नाही. एक हात दुखला तर दुसऱ्या हातात अगदी अलगद घेतला, कनेक्शनला धक्का लागू दिला नाही. घाम डोळ्यांत गेला. पुसला नाही. बाकीच्या कुस्त्या झाल्या, मध्ये कोणाचे सत्कार झाले, मी उभाच. खालून चहाच्या कपांचा आवाज आला. मला वर चहा आला नाही, बरोबरच आहे, चहा घेताना हात हलला असता.

मग एकदम शांत झालं. आणि एकदम आरोळी उठली. सत्यजीत जिंकला! फटाके, शिट्ट्या. त्या सगळ्यातून आबांचं रडणं ऐकू आलं, मोठा माणूस रडतो तसं. मलाही वर एकट्याला रडू आलं. उगाच उन्हाचं कारण सांगत नाही.

खाली आलो. आबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, पाव्हणं, तुमी वर गेला म्हणून पोराची कुस्ती बघाया मिळाली. भावकीसमोर म्हणाले!

आत्ता फोन बघितला. सिम कंपनीचा मेसेज आहे, आजचा डेटा शंभर टक्के संपला. वेळ, चार वाजून बारा मिनिटं. मी वर जायच्या आधीची. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला कंपनी जादा डेटा गुपचूप देत असणार. चांगली सर्व्हिस.

१ जून, सोमवार. शिरूर.

सकाळी निघालो. सासूबाईंनी शिदोरी बांधून गाडीला लावूनच ठेवली होती.

न्हावऱ्याला रस प्यायला थांबलो. मी अनिताला म्हणत होतो की आता गावात कोणाला सीसीटीव्ही वगैरे बसवायचा असेल तर मला बोलावत जा. ती हसायला लागली. हसतच राहिली. रसवाला बघायला लागला. मग तिनं सांगितलं.

धनश्रीनं टीव्ही पहिल्याच शनिवारी, मी झोपल्यावर, तिच्या फोनला जोडला होता. तिचं सिम दुसऱ्या कंपनीचं, हॉलमध्ये फुल्ल रेंज. रोज दोन ते पाच सगळं घर टीव्ही बघायचं, शेजारचेसुद्धा. मी कूस बदलली की आवाज कमी करायचे. काल मी टाकीवर गेल्यावर तिनं फोन काढला आणि चालू केलं. एवढंच.

मी म्हटलं, मग मला सांगायचं की. अनिता हसायची थांबली. म्हणाली, धनू रोज सांगायला निघायची. आबा नको म्हणायचे. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं तोंड पाडायचं न्हाई, पोरीचं सासर हाय. मी म्हटलं, आणि काल मी वर गेलोच नसतो तर? ती म्हणाली, तर नसती बघितली त्यांनी. परवाच म्हणाले होते, पाव्हणा न्हाई हलला तर र्‍हाऊ दे, निकाल फोनवर कळंल.

रस गोड लागेना. बायकोला म्हटलं, बर्फ जास्त घातलाय.

वाईट वाटलं. टीव्हीचं नाही. त्या म्हाताऱ्यानं माझ्या तोऱ्यासाठी पोराची कुस्ती सोडायची तयारी केली होती, आणि मी त्याच्यापुढं बसून रिमोटचे सेल फुंकत होतो.

संध्याकाळ.

मग लक्षात आलं, कुस्ती मी अजून बघितलीच नाही. अनिताला सांगितलं. तिनं तिच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, आमच्या टीव्हीला जोडला. चहाला आधण येईपर्यंत झालं. कुस्ती लावून रिमोट माझ्याकडं दिला आणि ती चहा ओतायला गेली.

सत्यजीत मैदानात उतरला. काय देह झालाय पोराचा! मी अनिताला हाक मारली, अगं ये लवकर, आणि दाराकडं वळून बघितलं. परत वळलो तर पंच त्याचा हात वर करत होता. घुटना डाव म्हणे. लागल्या लागल्या चितपट.

म्हटलं, परत लाव ना पहिल्यापासून. अनिता आतून म्हणाली, रिमोट तुमच्याच हातात आहे.

बराच वेळ रिमोटकडं बघितलं. मग विचारलं तिला, कोणतं बटण.