आभाळाकडे तोंड केलेले कप

४ सप्टेंबर, मंगळवार

काय रे पाना, ओळखलंस का मला? नाही ना. दर वेळी असाच कोरा चेहरा करून बसतोस. मागल्या पानाला पोटातलं सगळं सांगावं, आणि उलटलं की तू विचारणार — कोण आपण? तुझ्यापेक्षा माझी मेंढरं बरी, मीठ देणारा हात तरी ओळखायची. असो. मला अक्षर येत नाही, तुला आठवण राहत नाही, आणि मध्ये पेन घेऊन बसलीय शेजारची नदीन. ती जन्मभर पोस्टात होती. दुसऱ्याचं वाचायचं आणि गप्प बसायचं, ही तिची जुनी सवय.

(हेही लिहू का, म्हणते. लिही की.)

आज मायतेला, म्हणजे माझ्या लेकीला, विमान घेऊन वरच्या कुरणावर जायचं होतं. तिथे तिचे मेंढपाळ आहेत, त्यांना पीठ-बटाटे पोचवायचे. उडण्याआधी हवा विचारायची, म्हणून माझ्या स्वयंपाकघरातूनच हवामानवाल्यांना फोन लावला. आधी बाजा वाजला. मग यंत्र बोललं, तुमच्या राज्याचं नाव सांगा. सांगितलं. पुन्हा बाजा. मी कणीक मळायला घेतली. मळून झाली, फडक्याखाली ठेवली, फुगून वर आली, तेव्हा कुठे माणूस आला फोनवर.

"हार्लन वेल्स? हे नक्की कुठे आलं?"

"नेवाडात," मायते म्हणाली. "जिथे काल होतं तिथेच."

मग तो वाचत सुटला. कुठल्या तरी शहरातल्या मनोऱ्यावरचा लाल दिवा गेलाय. कुठल्या तरी धावपट्टीच्या कडेचं गवत कापतायत. आमच्या खिंडीत ढग बसलाय का, एवढं एक सोडून जगातलं सगळं त्याला ठाऊक. शेवटी म्हणतो, "नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडणं आम्ही सुचवत नाही." बाहेर आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख. हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवतात म्हणे, ऊन असो की पाऊस. एकदा सांगून ठेवलं की हात झटकायला मोकळे. असल्या माणसाला सून विचारायला गेली तर म्हणेल, चूल पेटवणं आम्ही सुचवत नाही.

पूर्वी धावपट्टीच्या कडेला काचेची खोली होती, तिच्यात सरकारचा ड्वाइट बसायचा. मान वळवून डोंगराकडे बघायचा आणि सांगायचा, "आज नको, मायते. कॉफी घे, घरी जा." मग सरकारनं ते काम एका कंपनीला ठेक्यानं दिलं. खोलीला फळ्या ठोकल्या. ड्वाइट रीनोला टायर विकतो. आता आमची हवा दोन हजार मैलांवरून येते. शिळी.

६ सप्टेंबर, गुरुवार

आज बाजा वाजता वाजता फोनच कटला. मायते तशीच उडाली. मी कोंबड्यांना शिव्या दिल्या, त्यांचा काही दोष नव्हता.

१५ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी सकाळी इथले सगळे उडणारे माझ्याकडे न्याहारीला येतात. घर धावपट्टीला लागून आहे, आणि सॉसेज मी चांगली करते. सगळे मला अमुमा म्हणतात, म्हणजे आमच्या बोलीत आजी; लेक तेवढी आमा, म्हणजे आई. नातू म्हणून एकही शोभणार नाही, अर्ध्यांची टक्कलं पडलीत.

आज रॉय रागानं लाल होऊन आला. रॉय गावातला दातांचा डॉक्टर. तो परवा बहिणीकडे उडून गेला. नियमानं फ्लाइट प्लॅन दिला होता — कुठून निघालो, कुठल्या वाटेनं, कधी पोचणार. वेळ टळून गेली आणि पोचल्याचं कळवलं नाही, तर त्यावरून शोध सुरू होतो. एवढ्यासाठीच तो द्यायचा. रॉयनं उतरल्यावर त्याच हवेच्या कंपनीला फोन केला, पोचलो म्हणून.

"तर ती बाई म्हणते, साहेब, असा प्लॅनच नाही आमच्याकडे!"

"म्हणजे तू गेलाच नाहीस," मी म्हटलं.

"तेच ना, अमुमा. मी डोंगरात पडलो असतो तर कुणी शोधायलाच आलं नसतं."

"तुझ्या खुर्चीत बसलेल्या एखाद्यानं आठवण काढली असती. तोंड उघडं ठेवून."

हसले सगळे. मग प्रत्येकाचा एकेक हरवलेला प्लॅन निघाला.

तेव्हा मी ठरवलं. कंपनी गेली खड्ड्यात. माझ्या फळीवर प्रत्येकाचा कप आहे. रॉयचा निळा, मायतेचा पांढरा, कड उडालेला. कप एरवी पालथे असतात. तर आजपासून नियम असा: उडायला निघालात की आपला कप सरळ ठेवायचा, तोंड आभाळाकडे. परत आलात की त्यातच कॉफी प्यायची, धुवायचा, पालथा घालायचा. दिवेलागणीला एखादा कप सरळ दिसला तर मी शेरीफला उठवीन. मी घरात असो नसो, कुणी मला काही सांगायला नको. कप बोलेल. बाजा नाही, यंत्र नाही, स्पेलिंग नाही.

मायतेला बजावलं, "त्या दगडांना पुन्हा प्लॅन देऊ नकोस. कप ठेवलास की पुरे."

"बरं, आमा," म्हणाली. लहानपणीही इतकी गुणी नव्हती.

२३ सप्टेंबर, रविवार

आज सहा कप सरळ होते, सहाही पालथे झाले. कंपनीनं यावं आणि शिकून जावं. फी घेईन.

९ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनी खरंच आली! एक माणूस आला, टायवाला. तक्रारी फार झाल्या म्हणून त्यांनी गावोगाव सभा लावल्यात. आमची सभा माझ्याच स्वयंपाकघरात, कारण धावपट्टीवर दुसरं गरम ठिकाण नाही. यांचे सगळे दौरे दुसऱ्यांच्या चुलीवर.

"आम्ही तुमचं ऐकायला आलोय," म्हणाला, आणि सकाळभर एकटाच बोलला. पडद्यावर रंगीत खांब दाखवले. हे तुमचं समाधान, हे मागच्या महिन्याचं समाधान.

रॉयनं विचारलं, "यात माझा हरवलेला प्लॅन कुठल्या खांबात बसतो?"

"ती संक्रमणकाळातली अडचण होती, सर."

"मी पडलो असतो तर त्याला काय म्हटलं असतंत?"

त्यावर त्यानं सगळ्यांना टोप्या वाटल्या. मला पण एक. कोंबडीला घालून पाहिली, तिला लहान झाली. डोकं तिचं मोठं असणार.

मायते सभेला फिरकली नाही. शाबास, म्हटलं. असल्याचं तोंड बघायला माझी लेक कशाला येईल. घरी बसून हिशेबाचे कागद करत असेल.

सगळे गेल्यावर बघते तर त्या टायवाल्यानं फळीवरचा कुणाचा तरी कप उचलून कॉफी प्यायलेली, आणि उष्टा कप न धुता परत फळीवर. सरळ. आणखी दोन-तीन कप सरळ होतेच, सभेतल्यांनी घाईत ठेवलेले. त्याचा कुठला, कोण जाणे. मी सगळे कप काढले. सोडा घालून, राख लावून घासले. कंपनीची लाळ माझ्या फळीवर नको. सगळे पालथे घातले, ओळीत. बघून बरं वाटलं.

थांब नदीन, फोन वाजतोय.

ऐक. कंपनीचीच एक पोरगी. म्हणते, "मॅडम, मायते इचार्ट यांच्या प्लॅनवर हा नंबर दिलाय. त्या पोचल्याचं कळवलेलं नाही. त्या तिथे आल्यात का?"

मी म्हटलं, "बाळ, मायते तुम्हाला प्लॅन देत नाही. मी बंद केलंय ते. ज्यांनी दिला त्यांचे तुम्ही हरवता, आणि जिनं दिलाच नाही तिचा सापडतो. धन्य आहे." ठेवून दिला फोन.

परत वाजला. तीच. "मॅडम, हँगरमध्ये विमान आहे का, एवढं कुणी बघून येईल का?"

"इथे सगळे कप पालथे आहेत," मी म्हटलं. "कप म्हणजे काय ते आपल्या टायवाल्याला विचार." ठेवला.

नदीन माझ्याकडे बघतेय पोस्टातल्यासारखी. लिही गं.

तिसऱ्यांदा. या वेळी नदीननं घेतला. हो, हो म्हणाली, विमानावरची पट्टी काळी लिहिलीय की निळी ते विचारलं, थांबा म्हणाली. आता म्हणते, अमुमा, मी हँगर बघून येते. जा बाई, पाय मोकळे कर. मायतेची गाडी तिच्या दारात असेल बघ, आणि विमान आपल्या

१० ऑक्टोबर, बुधवार

कालचं वाक्य अर्धंच राहिलं. राहू दे.

हँगर उघडा होता. आत विमान नव्हतं. बाहेर मायतेची गाडी, बॉनेटवर धूळ बसलेली, म्हणजे पहाटेपासूनची. मी अंडी गोळा करायला मागे होते तेव्हा ती आत येऊन कप सरळ ठेवून गेली असणार; इंजिनाचा आवाज आला तो मी सभेला येणाऱ्या कुणाचा तरी समजले. नियमाप्रमाणे. आणि तो पांढरा कप मी टायवाल्याचा समजून घासला.

नदीननं त्या पोरीला परत फोन लावला. बाजा वाजला नाही, पोरीनं थेट आपला नंबर देऊन ठेवला होता. तिच्यासमोर वाट लिहिलेली — वरचं कुरण, मग खिंड टाळून पश्चिमेनं, वाळलेल्या तळ्यावरून घर. तिनं शेरीफला सांगितलं, हेलिकॉप्टरवाल्यांना सांगितलं. आम्हाला दर थोड्या वेळानं फोन. रॉय आपलं विमान काढून त्याच वाटेनं गेला. मी फळीसमोर बसून राहिले. चुलीवर काय होतं ते करपलं.

रॉयलाच ती दिसली. इंजिन बंद पडलं म्हणून मायतेनं तळ्यात उतरवलं होतं, चाक रुतलं आणि विमान उलटं झालं. ती पट्ट्यात लटकलेली, एक पाय मोडलेला. डोंगराआड रेडिओ कुणाला ऐकू गेला नाही. अंधाराआधी तिला उचललं. रात्री तिथे पहिला बर्फ पडला.

मी दिवेलागणीला फळीकडे बघितलं असतं, आणि सगळे कप पालथे बघून झोपले असते.

कंपनीबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे लिहून ठेव. टोप्या वाटणारी जात ती. ड्वाइट असता तर पहाटेच म्हणाला असता, नको जाऊस. पण ती पोरगी कंपनी नव्हे. जोलीन नाव तिचं. दोनदा फोन आपटल्यावर कंपनी तिसऱ्यांदा करत नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

रॉयला विचारलं, तूही प्लॅन देतोस का अजून? सॉसेजकडे बघत राहिला.

१३ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यात गेलो. मायतेचा पाय वर टांगलेला. मी म्हटलं, नेमका त्या दिवशीच बरा प्लॅन दिलास.

"त्या दिवशीच नाही, आमा. रोज देते. धान्याच्या कोठारात बसून फोन लावते, तुला बाजा ऐकू येऊ नये म्हणून."

"आणि कप?"

"कप तुझ्यासाठी ठेवत होते."

बाकीचेही तसेच. सगळेच. महिनाभर मी मोठी पहारेकरीण झाले होते, आणि ही मंडळी माझं मन राखत होती.

नदीन, जोलीनचा पत्ता घेतलास ना? तिला मेंढीच्या दुधाचं चीज पाठव, चाकासारखं गोल असतं ते अख्खंच, कापू नकोस, आणि सोबत अंगणातल्या नव्या झाडाचे अक्रोड. चिठ्ठीत फक्त एवढंच लिही, की चीजची साल काढून खा.