विहिरीला कुलूप

मंगळवार, १० एप्रिल २००७

आमची विहीर बेचाळीस फूट, त्यात पाणी एकवीस. कन्नियप्पनने दोराला दगड बांधून खाली सोडला, दोनदा मोजलं आणि सांगितलं. शेजारचा शेतकरी तो. त्याच्या आजाने ही विहीर खणताना माती वाहिली आहे, तेव्हा आकडा खात्रीचा. एप्रिलात एकवीस फूट! त्याला त्याचं कौतुक. मी कडेपासून दोन पावलं मागे सरलो.

कठडा नाही. एका बाजूला दगडी पायऱ्या, तीन बाजूंना सरळ कडा, आणि कडेला पंपाची खोली. त्या खोलीच्या छपरावरून गावातली पोरं उड्या मारतात. आधीच्या मालकापासून चालत आलेलं आहे. नवख्याच्या पाठीला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन बांधायचा आणि पायरीवरून द्यायचं ढकलून. महिन्याभरात कॅन सुटतो. पूर्वी म्हणे वाळका दुध्या बांधायचे. आज अकरा पोरं मोजली. कन्नियप्पनची अंजलै, वय नऊ — छपरावरून पाठमोरी उडी घेते!

आमची नित्या सात वर्षांची, वादिराज चार. दोघं कडेला उकिडवी बसून बघत होती. मी वादीची चड्डी मागून घट्ट धरून.

“अप्पा, अंजलै म्हणते ती मला शिकवेल.”

“बघू.”

“तुमचं बघू म्हणजे नाही.”

(मी मिरजेचा, ‘बाबा’ म्हणायला शिकवून थकलो. त्यांची आई, कनका, तंजावरची, त्यामुळे अप्पाच.)

बुधवार, ११ एप्रिल

ऑफिसात, जिल्ह्याच्या पानावर आज एक बुडाल्याची. वय पाच, शेतातली विहीर. बातमी चार ओळींची आली होती. जागा नव्हती, दोन केल्या.

शनिवार, १४ एप्रिल

तमिळ वर्षाचा पहिला दिवस. सुट्टी. कनकाने कैरी, गूळ आणि कडुलिंबाच्या फुलांची पच्चडी केली. वादीने गूळ चाटून घेतला आणि फुलं माझ्या ताटात ठेवली. मग म्हणाला, “नवीन वर्ष तुम्ही खा.”

जानेवारीत चेन्नईतला पेरुंगुडीचा फ्लॅट सोडला तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते. चेन्नईच्या बातम्या लावणारा माणूस श्रीपेरुंबुदूरच्याही पलीकडे राहायला जातो! रोज दोन बस. पण वादीची धाप थांबली. वाफ घ्यायचं यंत्र तीन महिने माळ्यावर पडून आहे, एकदाही खाली काढलेलं नाही. आज तो कन्नियप्पनच्या शेळीमागे बांधापर्यंत धावला आणि नुसता लाल होऊन परत आला. छातीला कान लावला. काही नाही — फक्त पळून आलेल्या मुलाची धडधड.

हे एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. मग विहिरीकडे नजर जाते.

फ्लॅटवर मुलं कुठे आहेत हे मला ठाऊक असायचं. दार, जिना, गेट, वॉचमन. इथे सकाळी बाहेर सोडली की ती सगळ्या गावाची होतात. कोणाच्या घरी इडली खातात, कोणाच्या पडवीत झोपतात. कनकाला ते आवडतं. मलाही आवडतं — घरी असतो तेव्हा.

सोमवार, १६ एप्रिल

सकाळी वादी विहिरीच्या दुसऱ्या पायरीवर एकटा बसलेला सापडला. बेडकाशी बोलत होता. हाक मारली नाही, दचकला असता. अनवाणी मागून गेलो आणि उचलला. नंतर घरात कॉफी सांडली.

कनकाला म्हटलं, कुंपण घालू या. उंच, कुलपाचं.

ती तिच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली, “कुंपण घालून भय तुमचें जाईल. लेकरांस पोहणें येईल काय?”

“आधी जिवंत तर राहू देत.”

“आमच्या अप्पांनीं मज वेण्णार नदीच्या कालव्यांत सोडलें, तेव्हां मी सहांची. तुम्हांस येत नाही म्हणून त्यांनींहि शिकूं नये?”

हे लागलं. खरं आहे म्हणूनच लागलं. मिरजेहून कृष्णा किती लांब? तरी मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही. आई सोडायची नाही. पंचेचाळीस वर्षं त्यावाचून काही अडलं नाही.

मी म्हटलं, “सतरा वर्षं मी या बातम्या लावतोय, कनका. उन्हाळ्यात आठवड्याला एक तरी असते.”

“बुडालेल्यांची तुम्ही लावतां. दुपारभर पोहून घरीं जेवायास गेलेल्यांची कोण देतो?”

उठलो. वेल्डरला फोन केला.

गुरुवार, १९ एप्रिल

कुंपण झालं. लोखंडी खांब सिमेंटात, सात फूट जाळी, वर काटेरी तार. पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक. मोठं कुलूप. किल्ली एकच ठेवली, ती माझ्या बॅगेत. माझ्याबरोबर रोज ऑफिसला जाईल.

पोरं दिवसभर उभी होती. पाठीला कॅन बांधून! आता संपेल, मग संपेल अशा आशेने. वेल्डिंगच्या ठिणग्या बघायला त्यांना मजाही वाटत होती. संध्याकाळी मी कुलूप लावलं तेव्हा अंजलैने जाळीला नाक लावून विचारलं, “सार, हे परत कधी काढणार?”

“काढणार नाही, अम्मा. लहान मुलं आहेत ना घरात.”

“मग आम्हांला आत घेऊन वरून कुलूप लावा. वादी येणार नाही.”

सगळी हसली. मीही. बिस्किटांचा पुडा वाटला. एका चिमुरड्याने जाळीतून खडा टाकला आणि कान देऊन आवाज ऐकला.

जाताना कन्नियप्पन म्हणाला, “पोरं कुठे जातील, सार?”

“खेळतील दुसरीकडे.”

तो मान हलवून गेला.

शनिवार, २१ एप्रिल

महिन्याने सलग सात तास झोप!

शुक्रवार, २७ एप्रिल

आवार शांत. दुपारी पंपाच्या खोलीकडून आरडाओरडा यायचा तो बंद झाला. सुट्टीच्या दिवशीही डुलकी लागते. नित्या आठवडाभर फुगली होती. आता निवळली, दुपारी अंजलैच्या घरी खेळायला जाते. कनकाला बरं वाटतं, मुलीला मैत्रीण आहे. कनका शिकवते त्या शाळेलाही सुट्टी. ती वादीला गणितं घालते आणि तो उत्तरं तमिळमध्ये देतो. बेडूक अधिक बेडूक किती? “रेण्डु!” मराठीत विचारलं की त्याला ‘दोन’ येत नाही, दोन बोटं येतात.

कंपन्यांच्या बस पाळी सुटल्यावर मोठ्या रस्त्याने जातात त्यांचे हॉर्न ऐकू येतात, इतकंच. बाकी कोंबड्या.

 

गुरुवार, ३ मे

हे दुपारी ऑफिसात लिहिता आलं नाही. आत्ता घरी आल्यावर, जेवायच्या आधी लिहितोय.

दोन चाळीसला सुंदरचा फोन. आमचा श्रीपेरुंबुदूरचा वार्ताहर. “सार, तुमच्याच बाजूला आहे. सोडून दिलेल्या दगडखाणीतलं डबकं. मुलगी बुडाली. नऊ वर्षांची. आहे की गेली अजून कळत नाही. दोन ओळींची जागा ठेवा.”

“गाव?”

माझंच गाव.

“नाव?”

“विचारून सांगतो.”

अकरा मिनिटं. मी मधल्या वेळात दुसऱ्या बातमीचं शीर्षक केलं, ते काय होतं आठवत नाही. घरचा फोन लागला. कनका धापा टाकत होती — नित्या पाणी पीत समोर उभी आहे, वादी झोपलाय, आणि अंजलै... तेवढ्यात दुसऱ्या फोनवर सुंदर.

“वाचली, सार. अंजलै नाव. एका लॉरीवाल्याने उडी टाकून काढली. पाणी काढलं पोटातलं. सरकारी हॉस्पिटलात आहे, बोलतेय.” आणि मग नेहमीच्या आवाजात, “म्हणजे बातमी नाही. जागा भरा दुसऱ्या कशाने.”

जागा भरली. वेळेत पान सोडलं.

बसमध्ये बसल्यावर कन्नियप्पनचा प्रश्न आठवला. पोरं कुठे जातील, सार? नव्या वार्ताहरांना मी स्वतः शिकवतो — उत्तर अर्धवट वाटलं तर ‘म्हणजे कुठे?’ विचारा. मी विचारलं नाही. ‘खेळतील दुसरीकडे’ हे उत्तर माझंच होतं म्हणून.

शुक्रवार, ४ मे

रजा. सकाळी हॉस्पिटलात. अंजलै उठून बसलेली, डोळे लाल, हनुवटीवर टाके. मला म्हणाली, “सार, तिथे पायऱ्या नाहीत.” तक्रार नव्हती. माहिती दिल्यासारखं.

कुंपण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोरं तिथे जात होती. खाणीचा कडा सरळ खाली. पाणी किती खोल, कोणी मोजलेलं नाही. आमच्या विहिरीवर निदान कन्नियप्पनची म्हातारी आई कडेला भुईमूग सोलत बसायची आणि शिव्या देत लक्ष ठेवायची. खाणीपाशी कोण बसणार?

कन्नियप्पनने मला चहा आणून दिला. मी त्याला द्यायचा, त्याने मला दिला! म्हणाला, “तुमची विहीर, तुमची लेकरं. मीही तेच केलं असतं, सार.” त्याने केलं नसतं. दोघांनाही ठाऊक होतं.

त्याची बायको एल्लम्माळ मात्र भिडेची नाही. “पेपरवाले सार! पाण्याला कुंपण घातलंत. आता उन्हालाही घाला एक, म्हणजे पोरं घरात बसतील.”

“एल्लम्माळ, चुकलं माझं.”

“चुकलंच,” ती म्हणाली, आणि अंजलैच्या केसांतली वाळू काढत राहिली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “जेवलात का?”

शनिवार, ५ मे

रात्रभर विचार करून ठरवलं. दुपारी चार ते साडेपाच फाटक उघडं. किल्ली कन्नियप्पनकडे. त्याची आई किंवा तो, कोणीतरी मोठं माणूस काठावर असल्याशिवाय कुलूप काढायचं नाही. गावातल्या पोरांना विहीर परत.

आमची दोघं मात्र नाहीत. पाण्यात नाही, काठावरही नाही. त्या वेळात ती घरात, दार लावून. यात दुटप्पीपणा आहे हे मला कळतं. अंजलैला पाण्यात सोडायला मी तयार, नित्याला नाही. पण बाप म्हणून मला एवढंच जमतं आहे. आपली दोन जपली, एवढं तरी म्हणता आलं पाहिजे.

कनकाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “बरें,” म्हणाली. पुन्हा खडे वेचू लागली. ती भांडते तेव्हा मला सोपं जातं.

नित्या दाराआडून ऐकत होती. मी बघितल्यावर आत गेली. जेवली नाही, पोट दुखतं म्हणाली.

रविवार, ६ मे

दहाच्या सुमारास लॉरीवाला आला, काल घरी आलेल्या अंजलैला बघायला, केळ्यांची फणी घेऊन. कन्नियप्पनचं घर विचारायला आमच्या अंगणात शिरला आणि नित्याला बघून थबकला. “ही! हीच पोरगी! रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी. अंगावर ओली चड्डी, ओरडतेय. ब्रेक लागला म्हणून, सार.”

नित्याला जवळ घेऊन बसलो. रागावलो नाही. तू तिथे कशाला गेली होतीस?

“तिथे उतरायला एकच जागा आहे, अप्पा. एकेकाने जायचं. अंजलैनंतर माझी पाळी होती.”

किती दिवस?

“सगळे दिवस.”

कनकाने वादीला कडेवर घेतलं आणि आत गेली.

वेल्डर उद्या सकाळी सातला फाटक काढायला येतोय. आठला कन्नियप्पन पोहायला शिकवायला पायऱ्यांवर उभा राहील. पहिली नित्या, मग वादी, मग मी.