तारीख नसलेला अर्ज

मी, खाली सही करणारी, वय पन्नास, पूर्वी वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतली खेळाडू, आता शाळेत व्यायामशिक्षिका, हे माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सोमवारी हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणून घाई. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. कागदांवरचा विश्वास उडाला होता.

१. दोन खोल्यांचं राहतं घर वहिनीला. माझ्यावर बंदी आली त्या आठवड्यात लोक फोन करून विचारत होते, "खरंच घेत होतीस का?" वहिनीने विचारलं, "जेवलीस का?"

२. बँकेतली ठेव शाळेला, मैदानावर पिण्याच्या पाण्याचा नळ बसवण्यासाठी. नळावर माझं नाव नको. ते पुरेसं छापून आलं आहे. क्रीडा संघटनेला काही नाही. मागायला आले तर अर्ज भरून घ्यावा आणि तारीख तपासावी.

३. स्टॉपवॉच आमच्या गणिताच्या सरांना. शिक्षकांच्या खोलीत वीस वर्षं ते माझ्या कपात डोकावून विचारतात, "बाई, आज काय घातलंय?" बंदी दोन वर्षांची होती. त्यांनी मोजावं.

४. हिरवी फाइल आणि पदकाची रिकामी डबी दादाला. पदक मी रजिस्टर पोस्टाने परत केलं; डबी मागायची संघटना विसरली. फाइलमध्ये दादाचीच चिठ्ठी आहे. दादा डॉक्टर. माझ्या रक्तदाबासाठी त्याने दिलेली सकाळी अर्धी गोळी, अंगातलं पाणी कमी करणारी. खेळाडूंना ती चालत नाही, कारण लघवीत उत्तेजक असलं तर तिच्यामुळे लपतं. खरोखर आजारी असलेल्याला परवानगी मिळते, आधी अर्ज केला तर. अर्ज दादाने भरला, सही केली, शिक्का मारला. तारीख घातली नाही. मीही न बघता पाकिटात घातला. तारखेसाठी अर्ज परत आला तोवर माझी तपासणी होऊन गेली होती. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हा नियम. नियमाशी माझं भांडण नाही.

५. गेल्या रविवारी दादाला विचारलं, "चूक तुझी होती, हे कुणाला सांगितलंस का कधी?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी विचारलं होतं."

"तू नाही गं. चौकशी समितीने."



मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला जोडावा, त्यावर तारीख हवीच, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. गावात दुसरे डॉक्टर आहेत. मी दादालाच बोलावलं आहे. खाली त्याच्यासाठी जागा सोडली आहे, लागते त्याहून थोडी जास्त.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
शुक्रवार, सहा मार्च, सकाळी दहा
(सही)

साक्षीदार:
शेजारच्या शिंपीणबाई (सही)
शाळेचे ग्रंथपाल (सही)

डॉक्टरचा दाखला

माझ्या धाकट्या बहिणीस तपासले. ती पूर्ण शुद्धीत आहे, नेहमीपेक्षा जास्तच. वीस वर्षांपूर्वी तिच्या अर्जावर तारीख घालायची माझ्याकडून राहिली. समितीला मी हे कळवायला हवे होते. कुणी विचारलेले नाही, तरी लिहितो.
(सही, शिक्का)

दाखल्याखाली, माझ्या अक्षरात:
दादा, तारीख.