तुमच्या नावानं वाटलेली क्षमा

प्रिय पाळकसाहेब,

आज दुपारी आपल्या उदगीरच्या हॉस्पिटलात तुमच्या नावानं क्षमा वाटण्यात आली, म्हणून हे पत्र. तुमच्या फोटोला ताजा हार, टेबलावर शाली, नारळ आणि केस मिटवायच्या समझोत्याचा कागद, आणि समोर तुम्हाला मारणाऱ्याचे काका-मामा. मी संतापले आहे. तो संताप ऐकायला तुम्ही नाहीत, याचाही संताप आहे!

नवे व्यवस्थापक म्हणाले, "पाळकसाहेब असते तर त्यांनी केव्हाच माफ करून टाकलं असतं." वा! ज्या माणसानं तुम्हाला कधी खुर्ची दिली नाही, त्याला तुमचं मन बरं कळलं?

तुमचं काम काय, हेच त्यांना उमगलं नव्हतं. "नर्सांबरोबर चादरींच्या घड्या घालतो, हा कसला पाळक?" हे त्यांचंच वाक्य. पेशंट गेला की पोरी कपड्यांच्या खोलीत यायच्या. चादरीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं त्यांच्या. हात कामात असले की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून त्या बोलायच्या. तुम्ही कुणाला बायबलमधली वचनं ऐकवली नाहीत. आपल्या नर्स शबानाला म्हणायचात, "तू तुझी दुआ माग, मी माझी मागतो. वर कुणाचं तरी ऐकतीलच."

आणि कॅज्युअल्टीच्या पडद्याबाहेर तुम्ही नातेवाइकांना धरून उभे असायचात, ते? "आता सिस्टर छाती दाबंल. लई जोरात दाबंल. बरगडी बी मोडंल. घाबरू नका, ती मारून न्हाई राहिली, जीव आणून राहिली." तुमचं हे बोलणं म्हणजे आमच्या पोरींची ढाल होती. नव्या साहेबांनी ती काढून घेतली आणि तुम्हाला दारात नेऊन बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायला. तुम्ही "हाव साहेब" म्हणून गेलातसुद्धा! का गेलात हो? एकदा तरी नाही म्हणायचं होतं.

त्या दिवशी मी नुसतं बी.पी. तपासायला आले होते. निवृत्त मेट्रनला तेवढं फुकट मिळतं. चाकूरकडच्या एका गावातून म्हातारा आणला, हृदय थांबलेला. डॉक्टर इंजेक्शन भरत होते, शबाना छाती दाबत होती. मग ती ओरडली, "मॅडम, नाडी लागली!" तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. नाडी पुन्हा बुडाली, ती पुन्हा दाबायला वाकली, आणि नेमकं तेव्हाच म्हाताऱ्याच्या मुलानं पडद्याच्या फटीतून पाहिलं.

"माझ्या बापाला बुक्क्यानं मारून राहिले रे!"

बाहेर त्याला समजावून सांगणारं कुणी नव्हतं. गावची माणसं आत घुसली. काच फुटली. डॉक्टरांचा चष्मा त्यांच्या गालात घुसला. त्या मुलानं शबानाला केसांना धरून फरफटत नेलं, आणि तिचा हात मोडला तो आवाज मी ऐकला. ओल्या फांदीसारखा नाही हो, कोरड्या लाकडासारखा. म्हातारा पलंगावर तसाच राहिला. त्याच्या छातीवर कुणाचाच हात नव्हता.

तुम्ही दारातून धावत आलात आणि तिच्यावर ओणवे झालात. त्यानं उचललेला सलाइनचा स्टँड तुमच्या डोक्यात बसला. एकदा नाही. मी बेडपॅन उचलून त्या मुलाच्या थोबाडावर हाणला. स्टीलचा होता, देवाची कृपा! आणि तुम्ही रक्तातून मला काय म्हणालात? "मालतीबाई, मारू नका त्याला." लातूरच्या वाटेवर ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही गेलात. ते तुमचे शेवटचे शब्द.

तेच शब्द आज साहेबांनी क्षमेचा पुरावा म्हणून वापरले. अहो, मारू नका म्हणणं म्हणजे सोडून द्या म्हणणं नव्हे! नांदेडच्या कॉन्व्हेंटात आम्हाला दुसरा गाल पुढे करायला शिकवलं. शिकवणाऱ्या सिस्टर स्वतः मात्र लाकडी पट्टीनं बोटं सोलून काढायच्या. तेव्हापासून क्षमेचा उपदेश कोण करतंय, हे मी आधी बघते.

मुलाचा मामा शबानाला शाल द्यायला उठला. "लेकी, पोरगं बापापायी येडं झालतं. लेकरू हाय. झालं गेलं इसर."

मी म्हणाले, "लेकरू? लेकराच्या मिशीवर दोन लिंबं राहतील!"

"बाई, तुम्ही मधी बोलू नका."

"मधे नाही, पहिल्यापासून बोलतेय. तुम्हीच आता ऐकलंत."

शबाना उभी राहिली. हात गळ्यात बांधलेला. "मामा, तुमचे दाजी..." एवढं म्हणाली आणि थांबली. कोपऱ्यात त्या मुलाची आई बसली होती. कोरं कपाळ, मांडीवर पदराचा बोळा. नवरा गेलेला, मुलगा कोठडीत. शबानानं तिच्याकडे पाहिलं आणि बाकीचं गिळलं. एवढंच म्हणाली, "मी सही करनार न्हाई." साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पायरीवर येऊन मात्र ती कोसळली. "मॅडम, माय बसली होती त्याची. तिच्यासमोर कसं सांगू, की तिच्या पोरानंच मला वढून काढलं तवा तिचं मालक परत येऊन राहिले होते? ती नाडी हाय मॅडम अजून, माझ्या बोटाखाली. ही आता कुठं ठेवू मी?"

मी तिच्या शेजारी टेकले, तिचा धड हात हातात घेतला. तुम्ही काय म्हणाला असता? की चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं असतं?

तर ऐका. समझोत्यावर माझीही सही नाही. स्टँड कुणी उचलला आणि पडद्यापाशी उभा राहणारा माणूस कुणी हलवला, दोन्ही कोर्टात सांगेन. त्या पोराला मी माफ केलेलं नाही. तुम्हाला करायचं असेल तर तुम्ही करा, तुमची तिथं ओळख आहे.

कोर्टात नाडीबद्दल विचारलं तर खोटं बोलणार नाही. पण ती गोष्ट त्या मुलाच्या आईला वकिलाच्या तोंडून कळू देणार नाही, आणि शबानालाही ती एकटीला वाहू देणार नाही. शबाना म्हणेल त्या दिवशी आम्ही दोघी त्या गावी जाऊ. बोलेल ती. मी तोंड बंद ठेवीन, हे वचन तुमच्यासाठी फार मोठं आहे, ओळखून घ्या. ती बाई शिव्या देईल, कदाचित अंगावर धावून येईल. येऊ दे. तिनं दार लावून घेतलं तर आम्ही उंबऱ्याबाहेर बसू, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत उठणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
मालती