शनिवारची माणसं, रविवारच्या खुर्च्या

२ फेब्रुवारी, सोमवार

मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, तरुणांसाठी पर्यावरण जागृतीची कार्यशाळा कोण घेणार? वरून पत्र आलंय, महिना संपायच्या आत व्हायला हवी. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तेवढा समोर बघत होतो. (मान आखडली आहे, खाली जात नाही.) मॅडम म्हणाल्या, मग तुम्हीच.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बावीस वर्षं बसल्यावर मला माणूस ओळखायची नजर आली. मॅडमना ती दोन महिन्यांत आलेली दिसते. जूनमध्ये अधीक्षकाची जागा रिकामी होते आहे. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण नोंद असावी.

संकल्प : उद्यापासून ऑफिसला चालत. सुरुवात स्वतःपासून.

३ फेब्रुवारी

स्कूटरने गेलो. चालत जायचं तर साडेआठला निघावं लागतं आणि साडेआठला मी चहा घेत होतो. मात्र सिग्नलला इंजिन बंद केलं. पुन्हा सुरू होईना. मागच्या ट्रकवाल्याला पर्यावरणाची जाण अजिबात नाही.

दिवसभर शीर्षकावर विचार. ‘तरुणाई आणि वसुंधरा’ की ‘वसुंधरा आणि तरुणाई’? शिपायाला विचारलं. तो म्हणाला, साहेब, दोन्ही छान आहेत, पण येणार कोण ते बघा. त्याची नोकरी माझ्याहून दोन वर्षं जास्त आहे. पण दृष्टी म्हणून काही वेगळी गोष्ट असते.

५ फेब्रुवारी

जेवताना लेकीला म्हणालो, तुझ्या कॉलेजातली चाळीस मुलं तरी आण. तिनं विचारलं, तिथे त्यांनी करायचं काय? म्हटलं, ऐकायचं. आधी मी दीड तास, मग वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मग आभार.

ती म्हणाली, बाबा, ही कार्यशाळा नाही, हे भाषण आहे. कार्यशाळेत हाताला काम लागतं. बिघडलेल्या वस्तू आणायला सांग ना लोकांना. मिक्सर, इस्त्री, छत्री, चेन तुटलेल्या बॅगा. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला शिकवेल, आम्ही शिकू. तेवढंच कचऱ्यात कमी जाईल.

मी हसलो. प्रेमानेच. तिच्या आईने भाजी वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

तिची कल्पना डावललेली नाही. फाइलमध्ये ‘कृतिशील सहभाग’ असे दोन शब्द घातले आहेत. कृतीचं नंतर बघू.

९ फेब्रुवारी

तीनशे निमंत्रणपत्रिका छापून आल्या. मजकूर मी स्वतः पाच वेळा तपासला होता. ‘वसुंधरा’ ठळक अक्षरात खुलून दिसतंय. दोनशे लगेच कॉलेजांना रवाना. संपर्कासाठी लेकीचा नंबर दिलाय. साहेबलोकांचा फोन सारखा वाजलेला बरा दिसत नाही. तिला संध्याकाळी सांगू.

११ फेब्रुवारी

सांगायचं राहिलं. तिला फोन यायला लागले तेव्हा तिचं तिलाच कळलं. म्हणाली, निदान विचारायचं तरी! मी म्हणालो, तरुणांशी तरुणांनीच बोललेलं बरं. तिच्या खोलीचं दार जोरात आपटलं. वारा असावा.

१३ फेब्रुवारी, दुपारी ३

शिपायाने विचारलं, साहेब, कार्यक्रम शनिवारी की रविवारी? म्हटलं, रविवार, बावीस तारीख, हॉल त्याच दिवशीचा मिळालाय. तो म्हणाला, मग कार्डावर शनिवार एकवीस कसं?

बघितलं. आहे खरं.

आता दोनशे कॉलेजांना दुरुस्तीपत्र पाठवायचं. (दोनशे पत्रिका म्हणायचं होतं, कॉलेजं अकराच आहेत. डोकं दुखतंय.) उरलेल्या शंभर पत्रिका फुकट जाऊ द्यायच्या नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भाषण लिहितो. पुनर्वापर. हा मुद्दा भाषणातही घेणार.

दुरुस्तीपत्र उद्या.

१६ फेब्रुवारी

दुरुस्तीपत्राचा मसुदा तयार. ‘अनवधानाने’ लिहावं की ‘तांत्रिक कारणास्तव’? दुपार त्यातच गेली. शिवाय सही मॅडमची लागणार. अधीक्षक होऊ पाहणाऱ्या माणसाने आपली चूक आपल्या हाताने टेबलावर नेऊन ठेवू नये. आजची मुलं हुशार आहेत, समजून घेतील.

१८ फेब्रुवारी

दमलो. गुडघा बोलतोय. भाषण शंभर कार्डांवर उतरवून झालं आणि कुणीतरी पंखा लावला. शिपायाने टेबलांखाली शिरून सगळी कार्डं गोळा केली. त्याने लावलेल्या क्रमाने वाचून पाहिलं. आधीपेक्षा बरं वाटतं. हे त्याला सांगितलेलं नाही.

दुरुस्तीपत्र फाइलमध्ये सुरक्षित आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १२

सुट्टी. घरी रंगीत तालीम. श्रोता बायको. भाषण संपलं तेव्हा तिचे मटारही सोलून संपले होते. उत्तम वेळ साधली.

तेवढ्यात लेक आली. म्हणाली, बाबा, हॉलसमोर साठ-सत्तर मुलं उभी आहेत, दाराला कुलूप आहे, सगळे मला फोन करतायत. ते दुरुस्तीपत्र पाठवलंस ना? मी म्हणालो, तयार आहे.

ती तशीच वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. चपला घातल्या आणि गेली. मी निघणारच होतो, पण अंगात घरातला शर्ट होता.

सायंकाळी ६

पाच वाजेपर्यंत ती आली नाही. बायको म्हणाली, जाऊन बघून तरी या. गेलो. कोपऱ्यावरूनच दिसलं.

हॉलच्या पायऱ्यांवर मुलंच मुलं. दुरुस्तीवाला आपली हत्यारांची पेटी उघडून मधोमध बसलेला. एकाच्या मांडीवर उघडा मिक्सर, एक मुलगी छत्रीच्या काडीला कापड शिवत होती. आसपासच्या घरांतल्या बायका हातात इस्त्र्या न् बॅगा घेऊन रांगेत. शिपायाने स्वतःच्या घरून लांब वायर आणून विजेची सोय केलेली. तोही सुट्टीच्या दिवशी.

लेक एका मुलाला प्लग कसा जोडायचा ते दाखवत होती आणि कशावरून तरी मोठ्याने हसली. घरात ती अशी शेवटची कधी हसली, आठवायचा प्रयत्न केला.

पुढे गेलो नाही. अंगात तोच शर्ट होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

कार्यशाळा पार पडली. खुर्च्या दीडशे. उपस्थिती : मॅडम, प्राध्यापक, माझी बायको, शिपाई आणि दोन तरुण. त्यांतला एक प्राध्यापकांना हात धरून घेऊन आलेला त्यांचा नातू, दुसरा माइकवाला. लेक म्हणाली, कालच्यानं अंग मोडून आलंय, आज झोपते.

मी दीड तास बोललो. श्रोते मोजके असले की मुद्दा खोल जातो. मॅडम पाऊण तासाने फोन घ्यायला बाहेर गेल्या. फोन बराच लांबला असावा.

प्राध्यापक पाचच मिनिटं बोलले. म्हणाले, चाळीस वर्षं झाडांवर व्याख्यानं दिली, झाडं लावली चार, त्यातलं एक जगलं. त्या एकाची सावली मात्र छान पडते. एवढं बोलून खाली बसले. टाळ्या त्यांना जास्त पडल्या. सहा माणसांत जास्त म्हणजे कितीशा!

नंतर शिपायाने आणि मी मिळून दीडशे खुर्च्या उचलल्या. म्हणजे उचलल्या त्याने. मी मोजल्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी २

मॅडमनी बोलावलं. शनिवारचे फोटो मोबाइलवर सगळीकडे फिरतायत. अडुसष्ट तरुण, त्रेपन्न वस्तू दुरुस्त, फोटोत मागे आपल्या ऑफिसची पत्रिका. वरून कौतुकाचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, रविवारचं सोडा, शनिवारचा अहवाल द्या, संयोजकाच्या नावासकट. जूनचाही विचार करता येईल.

अहवाल टाइप केला. संयोजक : पुढे माझं नाव. उठून दिसतं. शेवटी कल्पना फाइलमध्ये मीच घातली होती. तारीखही एका अर्थी माझीच.

शिपाई चहा ठेवायला आला, स्क्रीनकडे बघत जरा थांबला. नेहमी काहीतरी बोलतो. आज कप ठेवला आणि गेला.

दुपारी ४

खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ आले होते. बायकोच्या मृत्यूच्या नोंदीत तिचं नाव चुकलंय, बरोबर करून द्या म्हणाले. दाखला कशाला हवाय, विचारलं. कशालाच नको, म्हणाले, पण नोंद खरी असावी.

करून दिली. मग जागेवर येऊन अहवालातलं माझं नाव काढलं. लेकीचं, दुरुस्तीवाल्याचं आणि शिपायाचं घातलं. मॅडमनी वाचलं. विचारलं, मग यात तुम्ही काय केलंत? म्हटलं, तारीख चुकवली.

मला वाटलं, त्या माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दल काही बोलतील. म्हणाल्या, ठीक आहे, खिडकीवर रांग लागलीय, जा.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आता दर शनिवारी बसायचं ठरलंय त्यांचं. जेवून माळ्यावरचा बंद रेडिओ काढला, पुसला, बगलेत मारून हॉलच्या पायऱ्यांवर गेलो. वाटलं होतं, मला बघून सगळे उठतील, दोन शब्द बोला म्हणतील. शब्द तयार ठेवले होते.

लेक वही घेऊन बसली होती. मान वर न करताच तिने विचारलं, वस्तू काय? म्हटलं, रेडिओ. तेव्हा तिने वर बघितलं. मग विचारलं, बिघाड काय आहे? म्हटलं, ऐकू येत नाही. तिने तसंच लिहून घेतलं. म्हणाली, एकतीस नंबर, तिकडे बसा. रांगेतल्या सगळ्यांना म्हणते तसंच ‘बसा’.

बसलो. एका बाजूला शिलाई मशीन घेऊन आलेल्या बाई, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी कुकर. भाषण करायला कुणी सांगितलं नाही. पाच वाजता आवरायला घेतलं तेव्हा सव्विसावा नंबर चालू होता. लेक सगळ्यांना सांगत आली, उरलेल्यांनी पुढच्या शनिवारी या. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, तूही.

रेडिओ तसाच परत आणला. बायकोने दार उघडून विचारलं, झाला का? म्हटलं, नाही, पण नंबर लागलाय.