तेराव्या स्थानासमोर मावशी

आये,

तू जाऊन इतकी वर्षं झाली की शिवडीच्या कबरस्तानात तुझ्या जागेवर आता दुसरंच कुणी निजलं आहे. तिथे फुलं ठेवायची सोय उरली नाही, म्हणून लिहायला बसले. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार आहे. दादरच्या चर्चमध्ये क्रुसाची वाट करून, येशूच्या शेवटच्या प्रवासाच्या चौदाही चित्रांपाशी गुडघे टेकून आत्ताच आले. हल्लीचे तरुण फादर प्रत्येक स्थानापाशी जगातल्या दुःखांची आठवण करून देतात. लढाईत घरं गमावलेली माणसं, कामावरून काढलेले कामगार, इस्पितळात एकटे पडलेले म्हातारे. ते सगळं खरंच असतं, पण माझं मन तिथे ठरत नाही. ते उठतं आणि लालबागला आपल्या चाळीत जातं.

तू परळच्या इस्पितळात आया होतीस. पप्पा बोटीवर. तू ड्यूटीला गेलीस की मी शेजारच्या मालवणी मावशीच्या चुलीपाशी. उपवासकाळात तू मासळीसुद्धा बंद करायचीस, ते मावशीला कधी पटलं नाही. देवाने मासळी केली कशाला मग, असं ती तुला विचारायची. तरी शुक्रवारी बांगडे भाजताना दार लोटून घ्यायची, मला वास येऊ नये म्हणून. नाताळात तुझी गोड कुलकुलं तिच्या डब्यात, गणपतीत तिचे मोदक आपल्या ताटात. तिचा एकुलता एक मुलगा, तिच्या बोलीत झील, नुकताच गिरणीत लागला होता. मी त्याला दादा म्हणायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. तो मला घोषणा शिकवायचा आणि मी गॅलरीतून बेंबीच्या देठापासून ओरडायची. एकदा तू मला आत ओढलंस, पोरीच्या जातीने काय ओरडायचं म्हणालीस. तो हसून तुला म्हणाला, "मावशे, ओरडूदे गो तिका. मुंबई तिचीपण आसा." आपल्याला असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गोळीबार झाला. रस्ते बंद, संचारबंदी. तू इस्पितळातच अडकलीस. दादा घरी आला नाही. मावशी आणि तिचे यजमान, आपले काका, कसेबसे गल्ल्यागल्ल्यांतून इस्पितळात पोचले, तेव्हा त्याची खाट रिकामी होती; पोलिसांनी त्याला आधीच हलवलं होतं. पुढे काकांना स्मशानात जाऊ दिलं, मावशीला तेही नाही. तू घरी आलीस तेव्हा तुझ्या पातळावर डाग होते. तू मोरीत बसून ते घासत राहिलीस.

मावशी रडली नाही. हेच सगळ्यांना खुपत होतं. ती चूल पेटवायची, भात करायची, तीन ताटं मांडायची आणि एक परत उचलायची. तू तिच्याकडे जायचीस, बसायचीस, उठून यायचीस. काहीतरी तुझ्या ओठावर येऊन परत जात होतं, ते मला लहान मुलीलाही कळत होतं. गुड फ्रायडेला तू आपलं काळं पातळ नेसलीस आणि अचानक तिच्या दारात जाऊन म्हणालीस, चल माझ्याबरोबर. ती का, कुठे, काही न विचारता निघाली.

मला अजून दिसतं. ती चपला बाहेर काढून चर्चमध्ये येते. क्रुसाची वाट चालू आहे. लोक एकेका चित्रासमोर गुडघे टेकतात, ती नुसती उभी राहते. तेराव्या स्थानापाशी येशूला क्रुसावरून उतरवून आईच्या मांडीवर ठेवलेलं आहे. तिथे मावशी थांबते. लोक पुढे जातात, ती हलत नाही. मग चित्रातल्या त्या आईकडे पाहत शांतपणे म्हणते,

"हिका झील मांडयेर तरी घेवक गावलो. माका नाय गावलो."

तू म्हणालीस, "तो माझ्या मांडीवर होता."

मग तू सगळं सांगितलंस, तिथेच भिंतीशी, अगदी हळू. खाटा पुरत नव्हत्या, पोरांना जमिनीवर ठेवलं होतं. त्यात तू त्याला ओळखलंस आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. नंतर खाट मिळाली, पण तेव्हा फार वेळ उरला नव्हता. तो पाणी मागत होता. पोटात गोळी होती, पाणी द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू दिलं नाहीस. ओला कापूस ओठांवरून फिरवत राहिलीस. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणं तिच्या घरात काय असतं ते तुला ठाऊक होतं, म्हणून तुझी जीभ इतके दिवस रेटत नव्हती. ख्रिस्तानेही क्रुसावर तहान लागली म्हटलं होतं, त्या दिवसापासून मला तेच ऐकू येतंय, असं काहीतरी तू म्हणालीस.

 मला वाटलं, मावशी आता वळून निघून जाईल आणि तिचं दार आपल्याला कायमचं बंद होईल.

"खंयच्या हातान?" तिने विचारलं.

तू कापूस फिरवलेला उजवा हात पुढे केलास. तिने तो दोन्ही हातांत धरला, आपल्या डोळ्यांना लावला, आणि तिला पहिल्यांदा रडू फुटलं. असं रडणं मी पुढे कधी ऐकलं नाही. फादर थांबले, लोक वळून पाहू लागले. तू तिला खाली बसवलंस, आणि त्या चित्रासमोर तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं.

काही वर्षांनी महाराष्ट्र झाला, मुंबई आपली झाली, तेव्हा चाळीत दिवे लागले. मावशीनेही एक पणती लावली. नंतर ती आणि काका गावी गेली आणि तिथेच राहिली.

येशूचं दुःख आणि आपलं दुःख वेगळं नाही, असं तू म्हणायचीस. माझी तेवढी श्रद्धा नाही, आये. हा कागद फादरांना दाखवता येणार नाही आणि तुला पाठवायला पत्ता नाही, तेव्हा इथेच सांगते. क्रुसापुढे गुडघे टेकले की मला त्याचा चेहरा दिसत नाही, मावशीचा दिसतो. माझी प्रार्थना तिलाच जाते की काय, मला ठाऊक नाही.